पूर्वीच्या घरमालकाचा दाखला

आगाशेंनी छापील कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"हा तुम्ही कोराच ठेवलात."

रकान्याच्या वर लिहिलं होतं, 'पूर्वीच्या घरमालकाचे नाव व पत्ता'.

"मला पूर्वीचा घरमालक नाही," मी म्हटलं.

"सगळ्यांना असतो."

"मला नाही. मी भाड्याच्या घरात कधी राहिलेच नाही. आधी वडिलांच्या घरी होते, मग नवऱ्याच्या."

"आणि सध्या?"

"होस्टेलवर. नोकरी करणाऱ्या बायकांचं आहे ना, तिथं. एका खोलीत चार कॉट. मुलांना ठेवू देत नाहीत."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. कागद मात्र परत घेतला नाही. तो माझ्याच पुढ्यात राहिला, कोऱ्या रकान्यासकट.

ही सत्त्याण्णव सालच्या एप्रिलातली गोष्ट. मी एकोणतीस वर्षांची होते आणि मिरजेच्या एका दूध डेअरीत प्रयोगशाळेत होते. सकाळी सहापासून दुधाचे नमुने तपासायचे आणि दुपारी एकनंतर घर शोधायचं, असा माझा दिनक्रम होता. महिनाभरात अकरा घरं झाली होती. म्हणायला मी घरं बघत होते. खरं तर लग्नाची मुलगी बघतात तसं घरवालेच मला बघत होते. "मिस्टर काय करतात?" या प्रश्नाशी गाडी अडायची. मिस्टर सांगलीत आहेत आणि मी इथं आहे, म्हटलं की चहाचा कप अर्ध्यातच उचलून नेत. एका बाईंनी तर "आमच्याकडे कॉलेजातला मुलगा आहे हो," असं सांगितलं. मी त्यांच्या मुलाला खाणार होते की काय, कुणास ठाऊक.

आणि माझ्याकडे दिवस उरले नव्हते. शुक्रवार होता. सोमवारी अकरा वाजता कोर्टानं नेमलेल्या एक वकीलबाई माझं राहतं घर बघायला येणार होत्या. माझ्या मुलीला, चंदनाला, ठेवायला माझ्याकडे जागा आहे की नाही एवढं त्यांना बघायचं होतं. चंदना सहा वर्षांची होती आणि अकरा महिने सांगलीला तिच्या बापाकडे होती. महिन्यातून एकदा कोर्टाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर, मला ती तासभर भेटायची. सोमवारी माझ्याकडे घर नसेल तर तो तासच कायमचा ठरणार, असं माझ्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आगाशेंच्या माडीवरच्या दोन खोल्या मी बघून आले होते. पूर्वेला खिडकी, मोरीत नळ, खाली अंगणात आगाशेकाकूंची तुळस. मला तर तिथं चंदनाचं दप्तर कुठं टांगायचं तेसुद्धा दिसलं होतं.

"हे बघा आगाशेकाका," मी म्हटलं, "डेअरीचं पत्र आणते. साहेबांचं आणते. पोलीस चौकीचं म्हणाल तर तेही आणते."

"साहेबांनी तुम्हाला घरात वावरताना पाहिलंय का?"

"नाही."

"मग त्यांचा काय उपयोग?" ते शांतपणे म्हणाले. "मी छत्तीस वर्षं सिटी सर्व्हेला होतो. माझ्या आधीच्या भाडेकऱ्याकडे चार साहेबांची पत्रं होती. नऊ वर्षं त्यानं खोल्या सोडल्या नाहीत. तेव्हापासून ज्याच्या घरात माणूस राहिला, त्यालाच मी समक्ष जाऊन विचारतो. तुमच्या मिस्टरांचं घर कुणाच्या नावावर आहे?"

"सासूच्या. सासऱ्यांनी जाण्याआधी तिच्या नावावर केलं."

"मग त्या तुमच्या पूर्वीच्या घरमालक."

मला हसू फुटलं. ते हसले नाहीत.

"अहो, मी सून होते त्यांची!"

"नातं वेगळं, राहणं वेगळं. भाडं दिलं नाही म्हणून राहिलाच नाहीत, असं होत नाही. लिहा नाव."

"ज्यांच्याशी कोर्टात भांडतेय त्यांच्याच आईकडून चांगुलपणाचा दाखला आणू?"

"चांगुलपणाचा नव्हे. राहण्याचा." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "रविवारी सकाळी एक बँकेतले गृहस्थ यायचेत. त्यांचा रकाना भरलेला आहे. तुमचा उद्या दुपारपर्यंत भरला तर किल्ली तुमची. बघा काय ते."

मी नाव लिहिलं. पद्मावती आण्णासाहेब मगदूम, खणभाग, सांगली. लिहिताना डोक्यात अशी तिडीक उठली की पेनचं टोक कागदातून आरपार गेलं.

माझ्या वकिलांना मी काहीच कळवलं नाही. त्यांनी आडवं पडून मला थांबवलं असतं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात. आत्तींनी कोर्टात माझ्याविरुद्ध लिहून दिलं होतं. मी कुणाला न सांगता, पोरीला टाकून, स्वतःच्या मर्जीनं घर सोडून गेले, असं त्या कागदात होतं आणि खाली त्यांची सही होती. प्रत्यक्षात मी डेअरीच्या चार दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेले होते. सुकुमारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते नको होतं, तरी गेले. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी पिशवी घेऊन परत आले तर दाराला आतून कडी. आत दिवा होता. मी पाऊण तास दार वाजवलं, हाका मारल्या. आतून कुणी 'ओ' दिली नाही. शेवटी जयसिंगपूरला भावाकडे गेले, आणि आठ दिवसांत मीच घर सोडल्याची नोटीस आली. आम्ही कुणीच घरी नव्हतो, असं सुकुमार म्हणाला. गल्लीतल्या लोकांनी पाहिलं असणारच, पण नवराबायकोच्या मध्ये कोण पडतं? ऐकून ऐकून पुढं पुढं मलाही शंका यायला लागली होती की दिवा खरंच होता, की मला तसं वाटलं.

शनिवारी दीड वाजता आगाशे एसटी स्टँडवर हजर होते. धुतलेला सदरा, काखेत फाइल, हातात छत्री. माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसायला त्यांनी नकार दिला.

"काका, एसटीला अर्धा तास आहे. माझा नवरा साडेतीनला फौंड्रीतून सुटतो. त्याच्या आत आपल्याला निघायला पाहिजे."

"का बरं?"

"तो तुम्हाला उभं करणार नाही."

"मला त्यांच्याकडे काही विचारायचंच नाही," असं म्हणून ते एसटीची वाट बघत बसले.

खणभागात पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. दारासमोरच्या तारेवर एक पिवळा फ्रॉक वाळत होता. तो मी घेतलेला नव्हता. चंदनाच्या अंगावर मी शेवटचा कधी फ्रॉक चढवला होता, हे आठवायचा प्रयत्न केला आणि आठवेना.

दार सताड उघडं होतं. आत्ती पुढच्या सोप्यात जमिनीवर सुपात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, आधी मला बघितलं, मग आगाशेंना, मग त्यांच्या फाइलला.

"आलीस व्हय," एवढंच म्हणाल्या. मग आगाशेंना, "कोर्टातनं आला का वो?"

"नाही. मी घरमालक."

"हिचा?"

"अजून नाही. ते तुमच्यावर आहे."

आत्तींना काही उमगेना. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाहीच. "बसा की," म्हणून त्यांनी आगाशेंना खुर्ची दाखवली. मला बसा कुणी म्हणालं नाही. मी चौकटीला टेकून उभी राहिले. आत घरात सामसूम होती.

"चंदना?" माझ्या तोंडून निघालंच.

"बस्तीत. पाठशाळेला. चार वाजता येती." बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. हेसुद्धा त्या सुपाकडे बघूनच बोलल्या.

आगाशेंनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढून मागं लावलं आणि शाळेतल्या तपासणीला यावं तसं सुरू केलं.

"आपण पद्मावती आण्णासाहेब मगदूम. हे घर आपल्या नावावर आहे?"

"हाय."

"या बाई माझ्याकडे दोन खोल्या भाड्यानं मागतायत. याआधी त्या तुमच्या घरात राहिल्या. म्हणून पाच प्रश्न विचारायचेत. सांगणं न सांगणं तुमच्या इच्छेवर. किती काळ राहिल्या?"

आत्तींचा हात सुपात थांबला. त्या नाही म्हणणार, उठून आत जाणार, असं मला वाटलं. घड्याळात तीनला पाच कमी होते. मी मनातल्या मनात परतीची एसटी गाठायलासुद्धा निघाले.

"सात वर्सं," त्या म्हणाल्या. "सात वर्सं आन् दोन म्हैने."

आगाशेंनी लिहिलं. "घर कसं ठेवत होत्या?"

"भांडी वलीच मांडती. पालथी घालून निथळू दे म्हणून सांगून सांगून तोंड दुखलं माझं. आयकत न्हाई."

"भांडी ओली मांडतात," आगाशेंनी लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटलं.

"काका, हे काय लिहायचं असतं?" मी उसळले.

"सांगितलं ते लिहायचं असतं. आणखी?"

"केर मातूर कोपऱ्याकोपऱ्यातनं काढती. पलंग सरकवून काढती. माझ्या लेकी बी तसं काढत न्हाईत."

मी चमकून बघितलं. सात वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. केर काढला तर 'किती येळ लावती' एवढंच ऐकलं होतं.

"शेजाऱ्यांशी वागणूक?"

"भांडती. नळावर भांडती. त्या कोपऱ्यावरच्या बेबीबाईची घागर हिनं पार रस्त्यात ठिवली हुती."

"का?"

"नंबर न्हवता तिचा. दुसऱ्याचा नंबर घेत न्हाई, पर आपला सोडत न्हाई ही."

आगाशेंनी मान डोलावली. हे त्यांना पसंत पडलेलं दिसलं. मला मात्र काही सुचत नव्हतं. त्या मला बुडवतायत की तारतायत, तेच कळेना. आवाजात माया नव्हती आणि रागही नव्हता. सुपातले खडे वेचून बाजूला टाकावेत तसं त्या एकेक सांगत होत्या.

चौथा प्रश्न पाण्याविजेचा होता. "दिवे विझवत हिंडती घरभर," असं आत्ती म्हणत होत्या आणि तेवढ्यात गल्लीत मोटारसायकल वाजली. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. सव्वातीनही झाले नव्हते.

सुकुमार दारात आला तो हेल्मेट हातात घेऊनच. मला बघून त्याचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला.

"ही इथं काय करतीय?"

आत्तींनी सुपातला एक खडा वेचला.

"आई, हिला घरात कुणी घेतलं? आणि हे कोण? वकील आणलास का घरात?" तो माझ्या अंगावर आला तशी मी चौकटीत आणखी आत सरकले. मार त्यानं मला कधी दिला नव्हता, खोटं कशाला बोलू. पण त्याचा आवाज चढला की मी अजून पाठीला भिंत शोधायचे.

"मी वकील नाही," आगाशे जागचे न उठता म्हणाले. "यांच्या राहण्याची चौकशी करायला आलोय. आपण कोण?"

"मी कोण? माझं घर आहे हे!"

"प्रॉपर्टी कार्डावर कुणाचं नाव आहे?"

सुकुमारनं आईकडे बघितलं. असला प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नसावा.

"त्याच्याशी तुमचा काय संबंध?"

"मला मालकाशीच बोलायचंय, एवढाच संबंध. पद्मावतीबाई, पाचवा प्रश्न राहिला. घर सोडण्याचं कारण काय?"

पाचही छापील प्रश्न मी आदल्या दिवशी वाचले होते. पण तो प्रश्न या घरात, या दोघांच्या तोंडासमोर मोठ्यानं वाचला जाईल, हे डोक्यातच आलं नव्हतं. निघा काका, आपण जाऊ, असं म्हणावंसं वाटलं. खोल्या नकोत, किल्ली नको, पण पुन्हा ते ऐकायला नको.

"लिहा की," सुकुमार म्हणाला. आता तो जरा हसत होता. "मी सांगतो, लिहा. पोरीला टाकून स्वतःच्या मर्जीनं गेली. आईनं कोर्टात तसं लिहून दिलंय. जाऊन नक्कल काढा."

आगाशेंचं पेन हललं नाही. "मी मालकिणीला विचारलंय."

"अहो, म्हणजे तेच की! आई, सांग त्यांना आणि लाव वाटेला."

आत्तींनी सूप मांडीवरून उतरवून बाजूला ठेवलं. पदरानं हात पुसले. हात पुसायला एवढा वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

"ती गेली न्हाई," त्या म्हणाल्या.

"आई!"

"पिशवी घिऊन दारात आली हुती. दार वाजवत हुती. मी हितंच बसली हुती, ह्याच जागी. तिनं मला हाका मारल्या. सुकूनं आतल्या खोलीतनं हातानं 'न्हाई' म्हणून खुणावलं. मी उठली न्हाई." त्यांचा आवाज तसाच होता, ओल्या भांड्यांचं सांगत होत्या तेव्हासारखा. "तिनं घर सोडलं न्हाई. आमी दार उघडलं न्हाई."

"आई, डोकं फिरलंय का तुझं? कोर्टात सही केलीयस तू!"

"तू म्हणालास हितं कर, तितं केली. काय लिवलंय म्हणून कुणी इचारलं मला? ह्यास्नी मला इचारलंय." आत्तींनी पहिल्यांदाच मुलाकडे नीट बघितलं. "घर माझं हाय म्हणून इचारलंय."

सुकुमारनं हेल्मेट भिंतीकडे भिरकावलं. ते भिंतीला लागून सोप्यात गडगडत आगाशेंच्या पायाशी गेलं. आगाशेंनी ते पायानं हलकेच थांबवलं.

"हे असंच लिहू?" त्यांनी विचारलं.

"आसंच लिवा."

त्यांनी लिहिलं. मग सगळा कागद पहिल्यापासून वाचून दाखवला, ओल्या भांड्यांसकट. शेवटचं वाक्य वाचताना सुकुमार दारातून बाहेर पडला आणि मोटारसायकलला लाथा मारत राहिला. ती लवकर सुरू होईना. आत्तींनी सही केली. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या त्या; अक्षर चांगलं ठसठशीत होतं.

मला काय वाटायला हवं होतं ते मला माहीत आहे. पायांवर डोकं ठेवावं, रडावं, उपकार मानावेत. त्यातलं काहीच वाटलं नाही. मला भयंकर राग आला. अकरा महिने मी स्वतःच्या डोळ्यांवर आणि कानांवर संशय घेत होते. डेअरीत नमुना हातात धरून मध्येच थांबायचे आणि दिवा होता का, हे आठवत बसायचे. आणि ही बाई इथं बसून, सगळं माहीत असून, तूर निवडत होती.

"आत्ती, तुम्हाला माझा आवाज ऐकू येत होता?" मी विचारलं.

"येत हुता."

"सगळा?"

"सगळा."

मी वळले आणि पायऱ्या उतरायला लागले. आगाशे फाइल बांधत मागून आले. "याची एक झेरॉक्स तुम्ही काढून घ्या," ते हळूच म्हणाले. "मी साक्षीदार म्हणून सही करतो खाली." मी मान हलवली. त्यांच्या त्या एका वाक्यात माझं काय काय सुटणार होतं ते मला कळत होतं.

"कमल."

आत्ती उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. सात वर्षांत त्यांनी मला नावानं फार कमी वेळा हाक मारली असेल. मी थांबले, पण वर बघितलं नाही.

"खोल्या दोन हायत म्हणत्यात न्हवं? मधी दार हाय?"

"आहे."

"त्याला कडी लावू नगंस."

"का?"

गल्लीच्या टोकाला मोटारसायकल एकदाची सुरू झाली आणि आवाज लांब गेला.

"ती जागी हुती त्या दिवशी," आत्ती म्हणाल्या. "माझ्या मांडीवर. तिच्या कानावर हात ठिवलं हुतं मी, पर बोटांनी का कान झाकत्यात? तुझा आवाज तिनं वळखला. उठून दाराकडं जाया लागली तर मी धरून बसली." त्यांनी चौकटीला हात लावला. "तवापासनं दार लावलं की वरडती. संडासचं बी लावू देत न्हाई. म्हणून आता दिसभर हे आसं सताड असतंय. सोमवारी कोर्टाच्या बाई तुझ्याकडं येणार म्हणून सुकू सांगत हुता, तवा तुला म्हाईत असू दे. पोरगी काय एकटी ऱ्हायची न्हाई लगीच, पर दार उघडं असलं तर ऱ्हाईल."

मी अकरा महिने एकच गोष्ट धरून जगत होते की चंदना तेव्हा झोपली असेल. मला तिथंच, गल्लीत, पायरीवर बसावं लागलं. आगाशे छत्री उघडून माझ्यावर धरून उभे राहिले. ऊन नव्हतंच, गल्लीतल्या लोकांनी बघू नये म्हणून असावं.

पुढचं सांगायला फारसं नाही. सोमवारी वकीलबाई आल्या, खोल्या बघून गेल्या. मी तो कागद कोर्टात दिला. द्यावा की नाही असा विचार मी दोन मिनिटंसुद्धा केला नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. आत्तींना कोर्टात बोलावलं तेव्हा त्यांनी तेच, त्याच शब्दांत सांगितलं. सुकुमार घर सोडून कुपवाडला राहायला गेला. आत्ती एकट्या राहिल्या. मी त्यांना माफ केलं का, असं चंदना मोठी झाल्यावर मला विचारायची. मी म्हणायचे, आधी भांडी पालथी घाल.

सांगलीहून परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, किल्ली द्यायला आगाशे स्वतः माडीवर आले होते. हातात पेचकस होता. कडीचं मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण गल्लीत ते माझ्या शेजारीच उभे होते. मधल्या दाराची कडी त्यांनी काढली, मग वरची खिट्टी काढली, मग मोरीच्या दाराचीही काढली. स्क्रू कागदात बांधून खिशात टाकले. मग घराच्या सामानाची यादी काढून तिच्यात तीन ठिकाणी 'कडी नाही' असं लिहिलं आणि माझी सही घेतली.

निकाल जूनमध्ये लागला. त्याच दिवशी दुपारी तीनला मी चंदनाला घेऊन आले. दप्तर माझ्या खांद्यावर होतं आणि तिचा हात माझ्या हातात, घामानं ओला. माडी चढून ती आत आली ती चपला घालूनच. आगाशेकाकू मागं उभ्या होत्या, पण काही बोलल्या नाहीत. चंदना सरळ मधल्या दाराशी गेली. कडीच्या जागी चार भोकं होती, त्यांवरून तिनं बोट फिरवलं. मग दार लोटून बघितलं. मग पलीकडे गेली, तिकडून लोटलं आणि उघडलं. असं तिनं दोनदा केलं.

मग तिनं चपला काढल्या.